संगणक सुरू होईना तेव्हा



हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी दोन तास जाऊन बसू लागलो. 'सरांना संगणकातलं कळतं' अशी माझ्याबद्दल गावात एक समजूत आहे. त्या समजुतीपायी जून २०२२ मध्ये मी वाचनालयाचं फार मोठं नुकसान करण्याच्या अगदी काठावर येऊन उभा राहिलो होतो. ते नुकसान कसं टळलं आणि त्यातून मी काय शिकलो, ते आज सांगणार आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात, दुकानात, पतपेढीत जुने संगणक आहेत आणि त्यांत नवी डिस्क बसवून घेण्याचा सल्ला हल्ली सगळेच देतात. तेव्हा माझी फजिती आपल्या उपयोगी पडेल.

वाचनालयाचा संगणक २०१५ सालचा. एकतीस हजार पुस्तकांची यादी, सभासदांची नावं, त्यांच्या अनामत रकमा आणि रोजची देवघेव असं सगळं त्यात. ग्रंथपाल बाईंनी आणि सुट्टीत येणाऱ्या कॉलेजच्या मुलींनी सात वर्षं बसून ते भरलेलं. पुस्तकांच्या जुन्या दाखल नोंदवह्या कपाटात आहेत. पण कुणाची अनामत किती जमा आहे, ही नोंद फक्त संगणकात होती. आणि हा संगणक सकाळी सुरू व्हायला सात-सात मिनिटं घेई. बाई बटण दाबून झाडलोट करून यायच्या, तरी पडद्यावर गोल गोल चक्र फिरतच असायचं. त्यात मे महिन्यापासून आतून कट्-कट् असा आवाज यायला लागला.

हा आवाज हार्ड डिस्कचा. हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावरून सरकणारी एक बारीक भुजा. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली अशी यंत्रणा बाजारात आणली, तिच्यात पन्नास मोठ्या तबकड्या होत्या आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरं मावत. आजच्या डिस्क हाताच्या पंजाएवढ्या आहेत, पण तत्त्व तेच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. हवी ती जागा भुजेखाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि संगणक सुरू होताना अशी हजारो ठिकाणं शोधावी लागतात. त्या थांबण्याचीच बेरीज म्हणजे आमची सात मिनिटं.

एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, यात फिरणारं काहीच नाही. त्यात फ्लॅश नावाच्या स्मृतीच्या चिपा असतात. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ही स्मृती शोधली. आपल्या पेनड्राइव्हमध्येही तीच असते. इथे हवी ती जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर सापडते. त्यामुळे जुना संगणक तोच राहतो, फक्त डिस्क बदलली तरी त्याला नवा जन्म मिळाल्यासारखं वाटतं.

एका देणगीदारानं पैसे दिले. मी ४८० जीबीची एसएसडी आणली. एका रविवारी वाचनालय बंद असताना मी संगणक उघडला, नवी डिस्क जोडली आणि एका सॉफ्टवेअरच्या मदतीनं जुन्या डिस्कवरचा सी ड्राइव्ह जसाच्या तसा नव्या डिस्कवर उतरवला. दोन तास लागले. मग जुनी डिस्क काढली, झाकण लावलं आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. तिचा मराठीत अर्थ असा, की पुन्हा सुरू करा आणि सुरुवात करण्याजोगी योग्य डिस्क निवडा.

मी पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच ओळ. जुनी डिस्क परत जोडली, तर संगणक सुरू झाला. मला हायसं वाटलं. पण तो सुरू व्हायला तितकीच सात मिनिटं लागली. म्हणजे नवी डिस्क आत नुसतीच बसून होती आणि काम जुनीच करत होती.

सोमवारी मी बाजारातल्या एका दुकानात विचारलं. तिथल्या मुलानं मान वर न करताच सांगितलं, "फॉर्मॅट मारा, नवीन विंडोज टाका." वर विंडोजचा एक पेनड्राइव्हही दिला. श्रोतेहो, फॉर्मॅट हा शब्द आपल्याकडे क्रोसिनच्या गोळीसारखा सगळ्या दुखण्यांवर दिला जातो. पण फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणं. पाटीवर काय लिहिलंय ते आधी वाचलं पाहिजे.

त्या संध्याकाळी मी दोन्ही डिस्क जोडून त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला. दुरुस्तीच्या भागात आज्ञा टाइप करण्याची एक काळी खिडकी असते, ती उघडली. विचार असा होता, की नवी डिस्क एकदा साफ करावी आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. पडद्यावर 'डिस्क शून्य' आणि 'डिस्क एक' अशा दोन ओळी दिसल्या. मी शून्य क्रमांक निवडला आणि साफ करण्याची आज्ञा टाइप केली. एंटर दाबणं तेवढं बाकी होतं. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, ही नवी का जुनी?"

मी म्हटलं, "नवीच असणार."

त्या म्हणाल्या, "असणार म्हणजे? पुस्तक बाद करताना मी दाखल क्रमांक दोनदा वाचते, सर."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डिस्क शून्यपुढे ४६५ जीबी लिहिलं होतं आणि डिस्क एकपुढे ४४७. हे आकडे कुठून आले? डिस्क तयार करणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतात, तर विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून मोजतं. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क पडद्यावर ४६५ दिसते आणि ४८० ची ४४७. म्हणजे मी साफ करायला निघालो होतो ती जुनी डिस्क होती. सात वर्षांची नोंद आणि साडेअकराशे सभासदांची अनामत. दुसरी प्रत नव्हती. मी काही न बोलता संगणकाची तार काढली आणि थोडा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

मग पुण्यात संगणकाच्या कामात असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यानं पहिला प्रश्न विचारला, "सर, बॅकअप आहे का?"

"नाही रे."

"मग आज बाकी काही करू नका. जुनी डिस्क वाजतेय ना? ती आता किती वेळा सुरू होईल ते सांगता येत नाही. फक्त एकदा सुरू करा आणि यादीचं फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. मग ती डिस्क काढून पाकिटात घालून ठेवा. राहिलेलं उद्या बोलू."

तसं केलं. त्या फोल्डरचा आकार निघाला ८४ एमबी. सात वर्षांचं काम पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावलं, दोन मिनिटांत उतरलं. ही दोन मिनिटं आम्हाला सात वर्षांत सापडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवरून माझी शिकवणी घेतली. तो काय म्हणाला ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

संगणक सुरू होण्याला बूट होणं म्हणतात. हा शब्द बुटाच्या मागे असलेल्या पट्टीवरून आला. स्वतःच्या बुटाची पट्टी धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी ती कल्पना. कारण अडचण तशीच आहे. विंडोज डिस्कवर आहे, पण डिस्क वाचायला आधी कुणीतरी जागं असायला हवं. म्हणून संगणकाच्या मुख्य फळीवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. वाचनालयाचं उदाहरण घेऊ. हा सकाळी कुलूप उघडणारा शिपाई. त्याला पुस्तकांतलं काही कळत नाही. त्याच्या हातात एक चिठ्ठी असते, तिच्यावर कोणतं दार आधी पाहायचं आणि कोणतं नंतर, एवढंच लिहिलेलं असतं. त्या दाराशी त्याला एक ठरावीक कागद सापडला, की तो ग्रंथपालांना हाक मारतो. मग पुढचा सगळा कारभार विंडोजचा.

आता घोटाळा असा, की या शिपायाच्या दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीचं नाव बायॉस. १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून ती चालत आलेली. बायॉस डिस्कचा फक्त पहिला खण वाचतो, आणि तो खण ५१२ बाइटांचा. त्यातच सुरुवातीचा इवलासा प्रोग्रॅम आणि डिस्कवर कोणते भाग पाडलेत त्याचा तक्ता. त्या तक्त्यात ओळी फक्त चार. या पद्धतीला एमबीआर म्हणतात आणि दोन टीबीच्या पुढची डिस्क तिला पूर्ण वापरता येत नाही. नव्या पिढीचं नाव यूईएफआय. ती जीपीटी नावाचा मोठा तक्ता वाचते. तिच्यासाठी डिस्कवर एक छोटा वेगळा भाग राखलेला असतो, बहुधा शंभर एमबीच्या आसपास, आणि विंडोज जागं करणाऱ्या फाइली त्यात असतात. हा भाग आपल्याला 'माय कम्प्युटर'मध्ये दिसत नाही. म्हणूनच तो विसरला जातो.

माझ्या चुका दोन होत्या आणि त्या एकमेकींच्या आड लपल्या होत्या. पहिली म्हणजे, मी फक्त सी ड्राइव्ह उतरवला. जुन्या डिस्कवर त्याच्या शेजारी सुरुवातीच्या फाइलींचा छोटा भाग होता, तो राहूनच गेला. दुसरी चूक अशी, की नवी डिस्क पहिल्यांदा जोडल्यावर विंडोजनं मला विचारलं होतं, एमबीआर हवं की जीपीटी? नवं ते चांगलं म्हणून मी जीपीटी म्हटलं. पण आमच्या संगणकावर २०१५ साली दुकानदारानं जुन्या पद्धतीनं विंडोज ७ घातलेलं होतं आणि विंडोज १० त्याच्यावरच चढवलेलं. म्हणजे शिपाई जुन्या चालीचा आणि कपाट नव्या चालीचं. पुस्तकं जागेवर होती, पण शिपायाला दाराशी त्याच्या ओळखीचा कागदच मिळत नव्हता. तसंच, जुनी डिस्क जोडल्यावर संगणक का सुरू होत होता, तेही उलगडलं. शिपाई जुन्या दारानंच आत जात होता.

दुरुस्ती करताना विद्यार्थ्यानं एक अट घातली. "एका वेळी एकच बदल, सर. प्रत्येक बदलानंतर सुरू करून बघायचं आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं." हे मीच त्याला आठवीच्या प्रयोगशाळेत सांगितलेलं होतं!

पहिल्यांदा आम्ही वायर पाहिली. संगणक सुरू होताच डिलीट कळ दाबत राहिलं, की शिपायाच्या सूचनांचा पडदा उघडतो. काही संगणकांत त्यासाठी एफ २ किंवा दुसरी कळ असते. तिथे नव्या डिस्कचं नाव दिसतंय का ते बघायचं. नाव दिसत नसेल तर दोष वायरीचा, खाचेचा किंवा डिस्कचा असतो आणि विंडोजशी झटापट करण्यात अर्थ नसतो. आमचं नाव दिसत होतं. दुसरं म्हणजे क्रम. चिठ्ठीवर ही डिस्क पहिली आहे का? नव्हती, ती पहिली केली. तरीही तीच काळी ओळ.

तिसऱ्या टप्प्यावर दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं. जुनी डिस्क पाकिटात होती, त्यामुळे आता चुकीची डिस्क निवडायची भीतीच नव्हती. नव्या डिस्कच्या मोकळ्या जागेत शंभर एमबीचा छोटा भाग पाडला आणि बीसीडीबूट नावाच्या आज्ञेनं त्यात सुरुवातीच्या फाइली लिहून घेतल्या. इथे एक सावधगिरी लागते. दुरुस्तीच्या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. आमचा सी तिथे डी झाला होता. म्हणून आत विंडोज नावाचं फोल्डर आहे ना, ते बघूनच पुढे गेलो. यानंतर सुरू केलं, तरी तीच ओळ. मी हताश झालो, पण तो फोनवर म्हणाला, "बरोबर आहे. एकच चूक सुधारलीय, दुसरी बाकी आहे."

चौथा टप्पा. सूचनांच्या पडद्यावर जाऊन लेगसी असं लिहिलं होतं तिथे यूईएफआय केलं. म्हणजे शिपाई नव्या पिढीचा केला. सुदैवानं आमच्या फळीत ती सोय होती. बदल जपून ठेवला, संगणक सुरू केला. काळा पडदा आला, आणि लगेच निळी खिडकी दिसली. घड्याळ लावून पाहिलं तर पंचवीस सेकंदांत पुस्तकांची यादी समोर होती. बाई झाडू हातात घेऊन उठल्या होत्या, त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांनी सगळ्यात आधी दहा सभासदांच्या अनामती पावतीपुस्तकाशी ताडून पाहिल्या. मगच म्हणाल्या, "झालं, सर."

आपल्यावर असा प्रसंग आला तर तो नेमका असाच असेल असं नाही. काही ठिकाणी काळ्या ओळीऐवजी निळा पडदा येतो आणि बूट डिस्कपर्यंत पोचता येत नाही, असं तो म्हणतो. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत बदललेली असणं. सूचनांच्या पडद्यावर एएचसीआय, आयडीई किंवा रेड असे पर्याय असतात. जो आधी होता तोच परत ठेवावा. म्हणूनच कुठलाही बदल करण्यापूर्वी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप असतं. डिस्कशी किंवा शिपायाच्या सूचनांशी खेळ केला, की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती आधीच लिहून ठेवलेली नसेल, तर माहिती डिस्कवर असूनही आपल्याला उघडत नाही. एसएसडी विकत घेतानाही पाहावं लागतं. च्युइंग गमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम डॉट टू डिस्कमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही, आणि जुन्या फळ्यांवर एनव्हीएमई डिस्क दिसली तरी तिच्यावरून संगणक सुरू होतोच असंही नाही.

ज्यांना नवं विंडोज पहिल्यापासून घालायचं असेल, त्यांच्यासाठी एक खूण. ते घालताना जुनी डिस्क काढूनच ठेवा. नाहीतर विंडोज नव्या डिस्कवर जातं, पण सुरुवातीच्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवरच लिहिल्या जातात. सगळं महिनोन्‌महिने सुरळीत चालतं. मग एक दिवस आपण जुनी डिस्क काढतो, आणि चांगला चालता संगणक मुका होतो. तेव्हाही घाबरायचं कारण नसतं. फाइली नव्या डिस्कवर पुन्हा लिहिल्या की झालं.

एसएसडी वेगवान असली तरी अमर नाही, हेही सांगायला हवं. हार्ड डिस्क बहुधा आवाज करून इशारा देते. एसएसडी पुष्कळदा काही न बोलता बंद पडते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणंही जास्त अवघड असतं. विजेशिवाय फार काळ कपाटात पडून राहिली तर तिच्यातली माहिती हळूहळू विरण्याचा संभव असतो. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या इमारतीत असावी, असा एक जुना नियम आहे. कोकणातल्या पावसात आणि विजेच्या लपंडावात तो नियम अधिकच पाळायला हवा.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एसएसडीमुळे जुना संगणक वेगवान होतो, पण त्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसतोच असं नाही. आमचा बसला नाही. म्हणून आता त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे आणि तो फक्त देवघेवीचं काम करतो. तेवढं तो अजून छान करतो.

संगणक सुरू होत नाही याचा अर्थ माहिती गेली असा नसतो, हे या सगळ्यातून मी शिकलो. पुष्कळदा पुस्तक कपाटातच असतं, फक्त त्याचं कार्ड हरवलेलं असतं. कार्ड पुन्हा लिहिता येतं. घाईनं कपाटच रिकामं केलं, तर मात्र काही उरत नाही.

वाचनालयात आता एक साधी वही आहे. दर शनिवारी बाई यादीची प्रत पेनड्राइव्हवर घेतात, ती उघडते की नाही ते पाहतात आणि वहीत तारीख घालून सही करतात. तो पेनड्राइव्ह रात्री वाचनालयात राहत नाही, कार्यवाहांच्या घरी जातो. मागच्या आठवड्यात मी वही चाळली. एकही शनिवार कोरा नव्हता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)